काच उलटी, कागद सिधा

सूर्यभानची तसबीर मुंबईहून आली तवा त्याच्या बापानं, पुंजारामकाकानं, सगळ्यात आधी ती उलटी केली अन् मागून पाहिली. मागं काळा लेप होता, दुसरं काही नाही. मले हासू आलं. काका बैल घ्यायले जातात तवाही असंच करतात. आधी मागून फिरून येतात, शेपटी उचलून पाहतात, मंग खांदा, मंग खूर, मंग भोवरा कोण्या अंगाले आहे ते, अन् तोंड सगळ्यात शेवटी, जसा काही तोंडाचा अन् बैलाचा संबंधच नाही. भातकुलीत काकाच्या ओसरीवर आमी बसलो होतो. खामगावच्या एका गाडीवाल्यानं ती काच फडक्यात गुंडाळून माह्यापाशी अमरावतीले आणून दिली होती. सांगावा एवढाच, का सूर्यभानची आहे, घरी पोचवा. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तळहाताएवढी काच, भोवती पितळेची पट्टी, अन् आत खुर्चीवर बसलेला सूर्यभान, माह्या लहानपणापासूनचा दोस्त. चार सालाआधी कापसाच्या गाड्याईसंगं मुंबईले गेला, अन् मंग ना तो आला ना त्याची काही खबर आली. मी रस्ताभर त्याच्याकडं पाहत आलो होतो अन् एकटाच हासत होतो, का लेका, तू कोट घातला? मले वाटलं आता काका रडतीन, आतून सुनेले हाक मारतीन, मी गूळ मागीन. काकानं काच सिधी केली. उन्हात धरली. कोट पाहिला, पागोटं पाहिलं, अन् मंग मांडीवर ठेवलेले दोन्ही हात. तिथंच थांबले. "याची उजवी करंगयी नाही," काका म्हणले. "माह्या पोराची डावी गेल्ती. हा माहा पोरगा नोये." अन् काच त्याईनं माह्या मांडीवर ठेवून देली, जशी बाजारात न पटलेल्या बैलाची दोरी परत देतात.

आता यातली गंमत अशी, का हातावरून माणूस वाचायचं लोकाईले मीच शिकवलं होतं. मी कापसाचा दलाल. तिकडं अमेरिकेत गोऱ्याईची आपसात लढाई चालू होती तोवर विलायतच्या गिरण्या आमच्या पऱ्हाटीवर जगत होत्या, अन् अमरावती-अकोल्यात साहेब लोक इतके झाले होते का कुत्रेही इंग्रजीत भुंकाले लागले. मंग तिकडं लढाई मिटली, इकडं भाव बसला, अन् साहेब एकेक करून निघून गेले. बंगल्यातल्या सामानाचा लिलाव व्हायचा. लोक पलंग घेत, कपबशा घेत. मी तसबिरी घेत होतो. पत्त्याच्या पानापेक्षा थोड्या मोठ्या, जाड पुठ्ठ्यावर डकवलेल्या, कोणालेच नको असलेल्या. साहेब जाते तवा आपल्या बायकोची तसबीर नेते, पण दुसऱ्याईनं मोठ्या मायेनं दिलेल्या तिथंच टाकून जाते. बिस्कुटाच्या पत्र्याच्या डब्यात मी त्या भरल्या, अन् बाजाराच्या दिवशी सरकीच्या पोत्यावर बसून एकेक काढायचो अन् वाचायचो. "हा पाहा," म्हणायचो, "याच्या मागं महाल, महालामागं तळं, तळ्यात बदक. सगळं कपड्यावर रंगवलेलं. हे बदक म्यां अकोल्यात पाह्यलं, त्याची चोच उंदरानं खाल्ली. कोट तसबीरवाल्याचा, खिशातली घडी तसबीरवाल्याची, पुस्तक बी त्याचंच, अन् सायबानं ते उलटं धरलं. मंग याचं सोताचं काय राह्यलं? हात! तोंड तं बाप्पा रोजच लबाड बोलते, इथं बोललं त्यात काय नवल? हात पाहा. या नखात माती हाये. हा गडी विलायतेत वावरं खनत होता, तुमच्याआमच्यासारखा." लोक हासून लोळायचे. मले लोक हासले का बरं वाटते, जसं उन्हातून येऊन कोणी रांजणाचं पाणी द्यावं.

त्या डब्यात एक मडम होती. मांडीवर लेकरू. मडमचं तोंड धुक्यात गेल्यासारखं, अन् लेकरू असं साफ का पापणीचा केसन् केस दिसावा. मी म्हणायचो, मडमले शिंक आली, लेकरू शहाणं आहे. मंग एक दिवस अकोल्याच्या मिर्झानं, तिथल्या तसबीरवाल्यानं, ती पाहिली अन् म्हणला, "नत्थुमियाँ, बच्चा मरा हुआ है." जिता माणूस श्वास घेते, तो थोडा पुसट येतेच, म्हणला. तवापासून मी ती डब्यात सगळ्यात खाली ठेवली. पण खाली ठेवलेलीच हाताले पहिले लागते. बाजारात डबा उघडला का मी बोटानं चाचपून तिले चुकवायचो, अन् लोकाईले वाटायचं मी चांगला माल निवडून राहिलो.

काचेवरची तसबीर उलटी येते, हेही मले मिर्झानंच सांगितलं होतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. मी काकाले सांगितलं. काका म्हणले, "उलटी येते? मंग डोकं खाली काहून नाही?" मी दुर्गाबाईपासून, म्हणजे सूर्यभानच्या बायकोपासून, आरसा मागून घेतला अन् काच आरशापुढं धरली. आरशात करंगळी सरळ डाव्या हाताची गेलेली दिसली. "पाहा आता!" काकानं पाहिलं. म्हणले, "आरशात माह्या कानातली बाळी बी इकडची तिकडं जाते. म्हून मी काय दुसरा झालो?" तोवर ओसरीवर चार टाळकी जमली होती. एक म्हणला, नत्थुजीनं नवीन काढलं वाटते. दुसरा म्हणला, काच उलटी येते, उद्या म्हनतीन नत्थुजी उलटे येतात. चूक त्याईची नव्हती. मागल्या साली मीच गावात सांगितलं होतं, का आगगाडीच्या इंजनाले बैलासारखी सरकीची ढेप लागते, रूळ इथवर आले का सरकार दारोदार येऊन घेईन; अन् दोघाईनं खरंच ढेपीच्या थप्प्या लावून ठेवल्या होत्या. आता त्यातलाच एक माह्याकडं पाहून मान हालवत होता. मी म्हणलो, "अरे, या डावात गंमत नाही." तं ते आणखी हासले. गंमत नाही म्हणतानाचं माहं तोंड त्याईले सगळ्यात गमतीचं वाटलं.

अन् गोष्ट नुसती तसबिरीची नव्हती. पातूरच्या शालिकराम नावाच्या माणसानं, बायको मेलेल्या, दुर्गाबाईले पाटाची मागणी घातली होती. आमच्यात विधवेचा पाट लागते, म्हणजे दुसरं लग्न होते, पण नवरा जिता असला तं नाही. इतके दिवस काका म्हणत होते, थांबा, येईन पोरगा. आता ही काच आली अन् तिनंच घोळ केला. पंच म्हणले, कोणी तरी सूर्यभानचं नाव लावून मुंबईत फिरून राहिला. नाव रिकामं झाल्याबिगर कोणी लावत नाही. पोरगा गेला. पळसाच्या पानाचा पुतळा करा, जाळा, अन् बाईले मोकळी करा. मी रात्रंदिवस एकच पाहून राहिलो होतो, का पुतळा जळला, बाई पातूरले गेली, अन् मंग एक दिवस सूर्यभान बगलेत गाठोडं घेऊन वेशीतून आला. तवा तो कोठी उभा राहीन? त्याच्या चुलीपाशी? त्याले तं लोक भूत म्हणून दगड मारतीन. हे एकट्या माह्याच डोळ्यापुढं होतं. खरं माहीत असलेला गावात मी एकटा, अन् माह्या बोलण्याची किंमत बाजारातल्या डमरूवाल्याएवढी.

म्हणून मी काकाले अकोल्याले घेऊन गेलो. मिर्झाच्या तोंडून ऐका, म्हणलं. बैलाच्या दमणीत काका माह्या समोर बसले, काच फडक्यात बांधून माह्या मांडीवर. रस्त्यानं रिकाम्या बैलबंड्या येत होत्या. मागल्या सालापर्यंत या रस्त्यावर कापसाच्या बंड्याईमुळं चालायले जागा नव्हती, बाभळीच्या काट्याईवर रुईचे पुंजके अडकून सगळी झाडं फुलावर आल्यासारखी दिसत. आता काटे दिसत होते. मी फडकं सोडून पाहत होतो. सूर्यभान अन् मी एकदा कापसाच्या ढिगात खाजकुइलीची पूड मिसळली होती. साहेब आला, बाही वर करून त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, जसा रोजच घालायचा, अन् मंग तो बंगल्यापर्यंत हात खाजवत नाचत गेला. सूर्यभान बोरूच्या तट्ट्यामागं लपून हासत होता. त्याची हासायची तऱ्हा होती, तोंडावर हात ठेवायचा. अन् करंगळी गठ्ठे दाबायच्या पेचात गेलेली, म्हणून त्या फटीतून दात दिसायचे. तो हासू लपवायचा अन् हासू नेमकं तिथून गळायचं. हे मले इतकं साफ दिसलं का मी दमणीत बसल्या बसल्या हासलो. अन् मंग मनात आलं, तो कोणता हात होता? तो माह्या समोर होता. फट माह्या उजव्या अंगाले होती, म्हणजे त्याचा डावा. का तो माह्या बाजूले बसला होता? तट्ट्यामागं आमी बाजूबाजूनं होतो का समोरासमोर? मी डोळे मिटले. फट दिसली, दात दिसले, हात या अंगाचा त्या अंगाले जात राहिला. डोळे उघडले तं काका माह्याकडं पाहत होते. "काय पाह्यलं?" काका म्हणले. मी म्हणलो, काही नाही. काचेतल्या माणसाच्या तोंडाकडं पाहायची मंग मले भीती वाटाले लागली, कारण जास्त वेळ पाहिलं का तो सूर्यभानसारखा दिसे, अन् आणखी वेळ पाहिलं का डब्यातल्या कोणासारखाही.

मिर्झाचा कारखाना अकोल्यात मोर्णा नदीच्या अंगाले, अर्धं छप्पर पत्र्याचं अन् अर्धं पांढऱ्या कपड्याचं, उजेड गाळून यावा म्हणून. माणूस हैदराबादचा, बोटं औषधानं कोळशासारखी काळी. साहेब गेले तसं त्याचं गिऱ्हाईकही गेलं होतं. चोच खाल्लेलं बदक भिंतीकडं तोंड करून उभं होतं. त्यानं काकाले खुर्चीत बसवाले पाहिलं. खुर्चीमागं लोखंडाचा दांडा, त्याले दोन बोटं, मानेले मागून धरणारी. काका तो दांडा हातानं चाचपून म्हणले, "मले नाही या खोड्यात मान द्याची." मंग मीच बसलो. डाव्या हातात निंबू घेतलं, काकाले दाखवलं, "पाहा काका, डावा. ध्यान ठेवजा." मिर्झा काळ्या कपड्यात शिरला अन् आतून म्हणला, "हिलना नहीं. हसना बिलकुल नहीं, नत्थुमियाँ, ये तुम्हारा बाजार नहीं." हासू नको म्हणलं का मले पोटातून येते. ते मी दाबलं. इतकं दाबलं का मंग खाली काही राहिलंच नाही असं वाटलं. मिर्झानं काच धुतली, काळ्या मखमलीवर ठेवली, अन् त्यात मी वर आलो. काका वाकले. मीही वाकलो. त्या माणसाच्या तोंडावर काहीच नव्हतं. मी इतक्या लोकाईची तोंडं बाजारात वाचली, हा जर डब्यातून निघाला असता तं मी काय म्हणलो असतो? मले एक अक्षर सुचलं नाही. निंबू त्याच्या उजव्या हातात होतं.

काकानं माह्या हाताकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं, पुन्हा हाताकडं. "हाव," काका म्हणले. "गेलं तिकडं." माहं मन असं उडालं का मी निंबू वर फेकून झेललं. तिथंच उठून निघालो असतो तं बरं झालं असतं. पण मिर्झाले आपल्या हुनराचा मोठा गर्व. तो म्हणला, रुको, अभी तो आधा देखा. त्यानं ती काच कागदावर चढवली, चौकटीत दाबून उन्हात ठेवली, अन् आमाले चहा पाजला. काकानं चहा कधी पेला नव्हता, तोंड वाकडं करून सगळा पेले. मंग मिर्झानं कागद सोलून काढला अन् दोन्ही बाजूबाजूले ठेवले. कागदावर निंबू डाव्या हातात होतं. "देखो बडे मियाँ," मिर्झा म्हणला, "काच उलटी, कागद सिधा. यही तो कमाल है."

काका उकिडवे बसून दोन्हीकडं पाहत राहिले. मंग मिर्झाले म्हणले, "म्हंजे तुह्यापाशी दोनी निघतात."

"जी हाँ, दोनों."

"गिऱ्हाइकाले पाह्यजे तसं."

"बिलकुल," मिर्झा खुश होऊन म्हणला.

"मंग माह्या पोराचं म्हून जे कोनं काढलं, त्यानं कोनतं काढलं हे तुले कोन सांगन?"

मिर्झानं माह्याकडं पाहिलं. मी म्हणलो, काका, काच म्हणजे उलटीच, हे आत्ताच तं पाहिलं. काका म्हणले, "आत्ता म्यां निंबू इकडं बी पाह्यलं अन् तिकडं बी पाह्यलं. उद्या हा म्हनन तं ते डोक्यावर बी दिसन. नत्थू, मी बैल घेतो तवा इकणारा म्हनते, डाग उन्हानं तसा दिसते. मी रिकामा घरी येतो." अन् उठले. मिर्झा मले कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणला, "मियाँ, माफ करना." त्याच्या काळ्या बोटाईचा वास माह्या बाहीले दिवसभर राहिला, आंबट, दातातून पाणी येईन असा.

परतीच्या वाटेवर बडनेऱ्याच्या अलीकडं रुळाचं काम चालू होतं, बायका डोक्यावरून गिट्टी वाहत होत्या, अन् धूळ अशी उडत होती का त्या येताना आधी पाय दिसत, मंग टोपलं, अन् तोंड दिसतच नसे. काका तिकडं पाहत एकाएकी म्हणले, "त्या कोटात गरम होत असन."

"कोणाले?" मी म्हणलो.

"त्याले. जो कोन हाये त्याले."

मी वाट पाहिली का आता आणखी काही म्हणतीन. काका धुळीकडंच पाहत राहिले. मले तवा कळाले पाहिजे होतं, पण मी मनातल्या मनात मिर्झाले शिव्या देत होतो, अन् शिव्याईले यमक जुळवत होतो, माही ती सवयच आहे.

पंच बसायच्या आदल्या दिवशी मी भातकुलीले गेलो. काका वावरात होते. दुर्गाबाई आंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मले पाहून तिनं पदर पुढं ओढला, पण उठली नाही. मी दूर, गोठ्याच्या दगडावर बसलो अन् म्हणलो, "वैनी, उद्या मी पंचापुढं शपथ घेतो. अंबादेवीची घेतो. पोरबाळाची घेतो. कोणी तं मानन."

"काच आनली?" ती म्हणली.

मी दिली. तिनं हात पुसून घेतली. आतापर्यंत तिले कोणी दाखवलीच नव्हती. आरसा तिच्याकडून मागून घेतला, पण काच ओसरीवरूनच परत गेली होती. ती पाहत राहिली. मी म्हणलो, "तुमीच सांगा ना मंग. तुमी तं बायको. तोंड पाहा अन् सांगा, का हे तेच. तुमच्यापुढं कोण बोलन?"

"तोंड मले ठाव नाही, भाऊजी." तिनं असं म्हणलं जसं कोणी घरात मीठ नाही म्हणते. "सासऱ्यासमोर कधी वर पाह्यलं नाही. अंधारात कोन कोनाचं तोंड पाह्यते? मले हात ठाव हाये." अन् तिनं अंगठा काचेवर ठेवला, त्या हातावर, अन् तो हात झाकून गेला. "तुमी खरं बोलून राह्यले. मले मालूम हाये."

 इतक्या दिवसात हे मले कोणी म्हणलं नव्हतं. "कसं मालूम?"

"तुमी लबाड बोलता तवा लय खुशीत रायता. आता तोंड पाहा कसं झालं, शेनात पडल्यावानी." ती हासली नाही. शेंगा पुन्हा सोलाले लागली. मंग म्हणली, "जिते हायेत तं आले काहून नाही?"

मी म्हणलो, मुंबई काय जवळ आहे, काम असन, कोणी सोडत नसन.

"त्यायनं कोट घातला. पागोटं नीट केलं. खुर्चीत बसाची सवड भेटली. ह्या काचेले वाट सापडली, अन् त्यायले नाही सापडली?" दाणे टोपल्यात पडत होते, टप, टप. "भाऊजी, चार सालं झाले, त्यायच्या नावाचं कुकू लावून त्यायच्या बापाची भाकर थापून राह्यली. उद्या तुमी शपथ घेसान, लोक मानतीन, अन् मंग? ते जिते हायेत म्हून मी या चुलीपाशी. म्हतारी होईपरेंत. ते येनार नाहीत, हे तुमाले बी मालूम हाये. मेले तं मले पातूर हाये. पातूरच्याले म्यां पाह्यलं नाही, चांगला असन, वाईट असन, पन तो येते. मागनी घालाले सोता चालत आल्ता."

 एक कोंबडी टोपल्यात तोंड घालाले आली, तिनं हाकलली. "तुमी बोलूच नका," ती म्हणली. "नाही तं असं करा, उद्या पंचायनं इचारलं का नाही म्हना. तुमाले काय, तुमी रोजच म्हन्ता." अन् काच पदरानं पुसून माह्यापुढं दगडावर ठेवली. पुसली काहून, ते मले आजही समजलं नाही. तिच्या अंगठ्याचा ठसा गेला, एवढंच.

घरी जाताना मी पेढी नदीच्या पात्रात बसलो. पाणी थोडंच होतं. मले राग येत होता, पण तो कोणावर ठेवावा तेच समजेना. सूर्यभानवर ठेवला तं तो खुर्चीत बसून माह्याकडं पाहे. लेका, तू एवढी काच कायले पाठवली? येत नाही हे सांगाले? का येतो हे सांगाले? मी डब्यातल्या अनोळखी साहेबाईचं पोट-पाठ सगळं वाचलं, अन् ज्याच्यासंगं एका ताटात जेवलो त्याच्या तोंडावर मले एक गोष्ट वाचता येईना, का याले घरी यायचं आहे का नाही. गडी सिधा पाहत होता. दांड्यानं मान धरली का सगळे सिधेच पाहतात.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. निम्मं गाव आलं होतं, त्यातले निम्मे मी काय बोलतो ते ऐकाले. मी उभा राहिलो तं मागं कोणी तरी आधीच फिसकन हासलं. पंच म्हणले, "नत्थुजी, तुमी तसबिरीतले जानकार. आता शेवटचं सांगा. हा सूर्यभान हाये का नाही? अन् हासू नका."

"नाही," मी म्हणलो. "हा सूर्यभान नोये."

 पंच म्हणले, "मंग इतके दिवस हाव काहून म्हनत होते?"

"गंमत केली."

कोणालेच नवल वाटलं नाही. पाराच्या कडेले एक बुढा होता, तो "हात् तेच्या मायले" म्हणून थुंकला, अन् बस. मले वाटलं झालं. पण पुंजारामकाका उठले. धोतराचा सोगा सावरत माह्याजवळ आले, अन् माह्या हातातून काच घेतली, अन् पुन्हा माह्याच हातात दिली. "नीट पाह्य, नत्थू," काका म्हणले. आवाज असा होता का मागच्याईले ऐकू गेला नसन. "तू म्हनत होता ना, काचेत उलटं होते?"

मी पाहिलं काकाकडं. त्याईचे ओठ हालत होते, बोलत नसतानाही. मंग मले समजलं, का हा माणूस इतके दिवस माह्याशी भांडत नव्हता. मले हालवून पाहत होता, पक्का आहे का नाही. आरशापुढं, मिर्झापुढं, रस्त्यानं, तो नाही म्हणत होता, का मी पुन्हा हाव म्हणावं. गावात त्याच्या पोराले जितं धरणारा मी एकटा, अन् तो माह्या भरवशावर नाही म्हणून राहिला होता.

"निंबू गेल्तं ना तिकडं," काका म्हणले. "म्यां पाह्यलं होतं. तो मियाँ म्हनला होता."

बायका पिंपळाआड उभ्या होत्या. पदराईच्या रांगेत दुर्गाबाई कोणती, ते दिसत नव्हतं. मी काचेत पाहिल्यासारखं केलं. "मियाँले म्यां शिकवून ठेवलं होतं, काका," मी म्हणलो. "तोही गमतीत सामील होता."

काकानं मान हालवली. एकदा, दोनदा, हळूहळू, जसं कोणी हिशेब न समजताही पटला म्हणते. शिवी दिली असती तं मी पाय धरले असते. त्याईनं काच घेतली नाही. ती माह्याच हातात राहिली.

पुतळा काकानंच केला. पळसाची पानं, दर्भाची बांधणी, अन् त्यावर सूर्यभानचं जुनं पागोटं. खांदा द्यायले मले बोलावलं, दोस्त म्हणून; गंमत त्याईनं माफ केली होती, का मनातच घेतली नव्हती. नदीकडं निघालो. तिरडीत वजनच नव्हतं. वजन असलं का चौघाईचे पाय आपोआप एक होतात. इथं खांद्यावर काहीच नाही, म्हणून पाय जुळेनात, अन् तिरडी आमच्या खांद्यावर उड्या मारत होती. मागच्या दोघाईतल्या एकाले हासू फुटलं. ते दुसऱ्याले लागलं. माह्या बाजूच्यानं ओठ चावले, तं त्याच्या नाकातून आलं. मीच तेवढा हासत नव्हतो, अन् ते माह्याकडं पाहून आणखी हासत होते, का नत्थुजीनं तोंड पाहा कसं केलं. पुढं काका इस्तवाचं मडकं घेऊन चालले होते. ते थांबले. मागं वळले. मले वाटलं आता खवळतीन. त्याईनं आमच्याकडं पाहिलंच नाही, तिरडीकडं पाहिलं.

"हळू चाला रे," काका म्हणले. "पडन तो."